आईच्या तोंडचं शुभवर्तमान

मला ग्रीक येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शुभवर्तमानं मुळात ग्रीकमधली, आणि 'ग्रीक येतं का' असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं ते सगळे जणू सकाळचा चहा ग्रीकमध्येच मागतात. मला मराठी येतं, हिंदी येतं, इंग्रजी पोटापुरतं येतं आणि तमिळ भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. एवढ्या भांडवलावर मी बायबल घरच्या भाषेत उतरवायला बसले. तुझी लायकी काय, असं तोंडावर आणि पाठीमागे पुष्कळ जण म्हणाले. लायकीवाल्यांनी माझ्या आईसाठी काय केलं होतं, एवढंच मला त्यांना विचारायचं असतं.

आम्ही नगर जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. नोकरीच्या निमित्तानं मी चेन्नईला आले आणि शोळिंगनल्लूरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते आणि त्याचाच पगार घेते. घरातले सगळे म्हणतात, हिला याहून योग्य नोकरी मिळालीच नसती. बाबा गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले. तिच्याबरोबर दोन पिशव्या, एक लोखंडी तवा आणि बाबांचं जाडजूड पवित्र शास्त्र आलं. बायबलला आमच्याकडे तेच म्हणतात.

गावी रोज दिवेलागणीला बाबा शास्त्र वाचायचे. आधी वाचायचे आणि मग त्याचा अर्थ सांगायचे. आई चुलीजवळून ऐकायची. बाबा गेले आणि घरातलं वाचन थांबलं. चेन्नईच्या फ्लॅटमध्ये ते शास्त्र टीव्हीशेजारी नुसतं बसून होतं. एकदा मी म्हटलं, "आई, तू वाच की."

"वाचाया येतं गं. सातवी पास हाय मी. पन कळत न्हाई. तुझे बाबा सांगायचे तवा कळायचं."

मला इतका राग आला की हातातला मोबाईल मी पलंगावर फेकला. ही बाई बँकेचे मेसेज वाचते, औषधाच्या पाकिटावरची तारीख बघून दुकानदाराला परत पाठवते, पेपरातलं शब्दकोडं सोडवते. आणि तिच्या देवानं तिच्याशी दुभाष्यामार्फत बोलायचं? दुभाष्या मेला की बोलणंच बंद?

मी शास्त्र उघडलं आणि आईच्या डोळ्यांनी वाचून पाहिलं. तिचं खरं होतं. प्रत्येक ओळीत एखादा तरी शब्द असा, जो आमच्या आळीत कुणी लग्नातही बोलत नाही आणि मयतीलाही बोलत नाही. ज्यांनी ते भाषांतर केलं त्यांच्या कष्टांना मी नावं ठेवत नाही. माझ्या पणजोबांनी त्यावरच अक्षरं गिरवली. त्या भाषेला डौल आहे आणि गाण्यात तो मला आवडतोही. पण ताटात नुसता डौल वाढून जेवण होत नाही.

मग मी सुरुवात केली. मराठी, हिंदी, इंग्रजी मिळून चारपाच भाषांतरं समोर ठेवायची, एक वाक्य घ्यायचं आणि आई शेजारणीला सांगेल तसं ते लिहायचं. लिहून झालं की कुणाला तरी वाचून दाखवायचं. पण 'कळलं का' असं विचारायचं नाही. ही माझी ऑफिसातली सवय. 'कळलं का' म्हटलं की जगातला प्रत्येक माणूस 'हो' म्हणतो. त्यापेक्षा म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. सांगताना जे गळतं ते पोचलेलंच नसतं. आणि जे जास्तीचं येतं ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या घरातलं असतं.

माझी पहिली परीक्षक वरच्या मजल्यावरच्या मामी. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ; 'सगळं'ला त्या 'अस्कि' म्हणतात. घरात देवीची पूजा, दारात रोज कोलमची रांगोळी. बायबलमधलं एक अक्षर त्यांना माहीत नाही, म्हणून मला त्याच हव्या होत्या. नाणं हरवलेल्या बाईची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा.

"एक बाई. तिजकडं दहा नाणी. एक पडलं. दिवा लावून अस्कि घर झाडलं, सापडलं. मग शेजारणींना बोलावून सांगटलं, या, आनंद करा." मामी थांबल्या. "काफी दिली की नाही त्यांना?"

"तसं लिहिलेलं नाही, मामी."

"अय्यो! शेजारणींना घरी बोलावून काफी न देता पाठवील का कोणी? ते लिही तू."

मी लिहिलं नाही. पण भाषांतर पोचलंय हे मला तिथंच कळलं. त्या बाईच्या घरात मामी जाऊन बसल्या होत्या आणि पाहुणचारात खोटही काढत होत्या.

चेन्नईत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी छोटीशी आहे. दर रविवारी दुपारी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही भक्तीला जमतो. रविवारी खालची यंत्रं बंद असतात, पण तेलाचा वास जिन्याभर असतो. येणारे निम्मे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतले आणि निम्मे माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले. आम्हाला स्वतःचा पाळक नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका तमिळ चर्चचे पाळकसाहेब येतात आणि प्रभुभोजन देतात, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला. एरवी सगळं काका चालवतात.

हे काका म्हणजे गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यातले मोठे साहेब. त्यांच्याशिवाय ही मंडळी उभी राहिली नसती, हे मी कुठंही कबूल करीन. हॉल त्यांनी मिळवला, माईक त्यांनी आणला, गाण्यांची पुस्तकं ते स्वतःच्या गाडीतून आणतात. आणि शास्त्रपाठही तेच वाचतात. दर रविवारी. त्यांचा आवाज असा खणखणीत, की न कळलेलंही कळल्यासारखं वाटतं. काकी मागे चहाच्या किटलीशी असतात.

त्या नाताळानंतर आई प्रभुभोजनाला पुढं जाईनाशी झाली. सगळे उठून रांगेत उभे राहायचे आणि ही मागच्या खुर्चीवर बसून राहायची. विचारलं तर म्हणायची, गुडघे धरलेत. गुडघे खरंच धरलेले होते, त्यामुळे विषय तिथंच संपायचा.

ईस्टर होऊन गेल्यावर एका शनिवारी सकाळी आई शेवग्याचा पाला निवडत बसली होती. आदल्या आठवड्यात मी बारा वर्षं आजारी असलेल्या बाईची गोष्ट घेतली होती. छापील शास्त्रात तिच्या आजाराला रक्तस्राव म्हटलंय. बरोबरच आहे, डॉक्टरही तेच म्हणतात. पण मी जन्मल्यापासून आमच्या घरात, आळीत, विहिरीवर एकाही बाईच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही. बाया म्हणतात, अंगावरून जातंय. मी तेच लिहिलं. एक बाई होती, बारा वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. किती वैद्य झाले, होता नव्हता तो पैसा गेला, गुण काही येईना, उलट दुखणं वाढलंच. मग गर्दीत ती मागून आली आणि प्रभूच्या कपड्याला शिवली, आणि तिला आतून कळलं की आपण बऱ्या झालो. तो थांबला आणि विचारायला लागला, मला कोण शिवलं? ती भीत भीत पुढं आली आणि तिनं सगळ्यांसमोर सगळं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, पोरी, तू विश्वास ठेवलास म्हणून बरी झालीस, आता सुखानं जा.

आईला हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता तू सांग."

आईनं पाल्यातली काडी मोडली. "एक बाई व्हती. तिच्या अंगावरून जायचं. पैलं तिला वाटलं, उष्णता असंल. ताक प्याली, सब्जा खाल्ला. थांबंना. सांगावं कुणाला? लेक आपली कामाची. मंग ती न्हाणीत नळ सोडून कपडे धुवायची, कुणाला कळू नये म्हून. भक्तीला जायची, पन मागं बसायची. प्रभुभोजनाला काय उठायची न्हाई."

मी हसले. "आई, तेव्हा कुठलं प्रभुभोजन? ते तर पुढं प्रभूनं मरायच्या आधी सुरू केलं. आणि नळ कुठून आला?"

आईनं मान वर केली नाही. तिचे हात पाल्यात तसेच राहिले. माझं हसू तोंडावरच राहिलं आणि मग गेलं.

"आई, कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून."

तिची पाळी जाऊन वर्षं लोटली होती. मी कॉलेजात होते तेव्हाच ती थांबली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या सासूनं तिला नवी नवरी असताना बजावलं होतं की तसल्या दिवसांत त्या पेल्याला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या बऱ्याच बाया हे पाळतात. कुठल्या पाळकानं उपदेशात तसं सांगितल्याचं मला आठवत नाही, शास्त्रात तर प्रभूनं उलटंच करून दाखवलंय, पण हे मागून मागून चालत आलं. त्यातून आईचं गणित सरळ होतं. पूर्वी महिन्यातले चार दिवस होते, आता रोजचंच झालं, तर मग रोजच नको. देवाच्या पंगतीतून तिनं स्वतःच स्वतःला उठवलं होतं, आणि आम्ही सगळे तिच्या गुडघ्यांची विचारपूस करत होतो.

"अगं पण ही गोष्ट तू जन्मभर ऐकलीस! ती बाई शिवली तरी प्रभू रागावला नाही, हे तुला ठाऊक होतं ना?"

"मला काय ठावं, तिला हे व्हतं म्हून? रक्तस्राव म्हनायचे. मला वाटायचं, भाल्याबिल्याची जखम असंल. तुझे बाबा तिथं आले का म्हनायचे, बाई आजारी व्हती, आन्‌ फुडं जायचे."

मला रडू आलं आणि राग आला, आणि राग रडण्यापेक्षा मोठा होता. ती गोष्ट माझ्या आईसारख्या बायांसाठीच होती. त्यांच्याच दुखण्याची, त्यांच्याच लाजेची. आणि तीच नेमकी त्यांच्यापासून चांगल्या शब्दांत गुंडाळून फळीवर ठेवलेली.

मी मामींना हाक मारली. मामी देवपूजा अर्धी टाकून खाली आल्या आणि आईनं त्यांना सगळं सरळ सांगितलं. एकदा तोंडून निघालेलं दुसऱ्यांदा सोपं गेलं असावं. "भिऊ नका, माझी डॉक्टर आहे, चला," म्हणून मामी आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. डॉक्टरबाईंशी तमिळमध्ये तासभर त्याच बोलल्या आणि मध्येच वळून आईला मराठीत सांगत राहिल्या. तपासण्या झाल्या. गर्भाशयात नको ते वाढायला लागलं होतं, पण अजून बाहेर पसरलं नव्हतं. आणखी सहा महिने गप्प बसला असता तर, असं म्हणून डॉक्टरबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. मामींनी तेवढं भाषांतर केलं नाही. ऑपरेशन झालं आणि आई घरी आली.

बरं झालेल्या माणसानं भक्तीत उपकारस्तुती करायची आमच्यात पद्धत आहे. देवाचे आभार मानायचे, आणि त्या दिवशीचा शास्त्रपाठ त्यानंच निवडायचा. आईनं पाठ निवडला. कुठला ते सांगायला नको. "आन्‌ तू लिव्हलाय तसाच वाचायचा," असं तिनं मला सांगितलं.

मी काकांना फोन करून कळवलं आणि पाठ मोबाईलवर पाठवला. पुढच्या रविवारी भक्ती संपल्यावर त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"सिस्टर, तुम्ही शास्त्राचं भाषांतर करताय म्हणे. ग्रीक येतं?"

"नाही. तुम्हाला?"

"प्रश्न माझा नाही. छापील आहे त्यात चूक काय?"

"काहीच नाही. आईला कळत नाही, एवढंच."

"कळण्यासाठी आम्ही सांगतो ना."

हे वाक्य त्यांनी अगदी प्रेमानं म्हटलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी सांगावं आणि आम्ही ऐकावं यातच सगळ्यांचं भलं आहे.

"आणि तो शब्द," त्यांनी आवाज खाली आणला. "भक्तीत मुलं असतात, तरुण मंडळी असतात. बायकांच्या गोष्टी बायकांत. झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर."

"काका, ती बाई मूठ झाकून आली होती. मागून शिवून तशीच निघून जाणार होती. प्रभूनं जाऊ दिलं का तिला? थांबून विचारत राहिला, कोण शिवलं. सगळ्या बाप्यांसमोर तिनं सांगितलं, आणि तो तिला पोरी म्हणाला. त्याला चाललं ते तुम्हाला का चालत नाही?"

"पाठ मी वाचीन. छापील शास्त्रातून," ते म्हणाले आणि वळले. मग काकींना, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "कानामागून आली आणि तिखट झाली." गाण्यांच्या पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून काकी उभ्या होत्या.

रिक्षात आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी वाचलं का त्या बाईला परत भाल्याची जखम व्हनार."

"मग काय करायचं?"

"करायचं काय? मीच वाचंन."

मी तिला मोठ्या अक्षरांत तो पाठ छापून दिला. आठवडाभर ती दुपारची खिडकीशी बसून वाचायची. अडायची, मागं जायची, पुन्हा वाचायची. मी एकदा मदतीला गेले तर म्हणाली, "सरक, माझं मला वाचू दे."

तो महिन्याचा पहिला रविवार होता. पाळकसाहेब आले होते. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि पेल्यांचा ट्रे होता. काकांनी आईच्या उपकारस्तुतीची घोषणा केली आणि शास्त्र उघडलं. आई उठली. पोटावर हात धरून सावकाश पुढं गेली.

"बसा, भाऊ. उपकार माझ्यावर झालेत, तर वाचते पन मीच."

विधवा बाई, ऑपरेशनमधून उठलेली, तिला चारचौघांत हात धरून बसवणार कसं? काका बाजूला झाले. आईनं पदराआडून कागद काढला, चष्मा लावला, आणि तेवढ्यात माईक बंद पडला. बंद पडला की बंद केला हे मी सांगत नाही. बटणाशी कोण उभं होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

"मला माईक लागत न्हाई," आई म्हणाली. दोन शेतं पलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारणारा तिचा आवाज. तिनं वाचायला सुरुवात केली. अंगावरून जात होतं या शब्दांना पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खोकले. एका तरुणानं घाईनं मोबाईल काढला. आईनं दोघांकडे पाहिलं नाही. ती बोटानं ओळ धरून वाचत होती, आणि हॉलमधल्या बाया ऐकत होत्या. नुसत्या बसून नव्हे, माना पुढं करून. इतकी वर्षं मी भक्तीला जाते, पण बायकांना शास्त्र असं ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

तिनं सगळं खरं सांगून टाकलं, या ओळीशी आई थांबली. कागद तिनं खाली केला.

"माझ्याबी अंगावरून जात व्हतं. म्हून मी प्रभुभोजनाला येत न्हवते. लाजंनं मेले असते मी, खरंच मेले असते. डॉक्टर तसंच म्हनली, हे मला मागनं कळलं. शास्त्रात हे लिव्हलंय, आन्‌ मला ठावं न्हवतं. ज्यांना ठावं व्हतं त्यांनी सांगितलं न्हाई." मग तिनं चष्मा सारखा केला, राहिलेली ओळ वाचली, आमेन म्हटलं आणि पहिल्या रांगेत बसली. शेवटच्या खुर्चीवरची तिची पिशवी मला आणून द्यावी लागली.

प्रभुभोजन सुरू झालं. पाळकसाहेब भाकर देत होते आणि त्यांच्या शेजारी काका पेल्यांचा ट्रे धरून उभे होते. आई सगळ्यांत आधी उठली. तिनं भाकर घेतली, पेला घेतला. काकांनी तिच्याकडे न बघता ट्रे पुढं केला. तिच्यामागं मी होते. मग एकेक करून रांग सरकू लागली.

रांग संपत आली तेव्हा मागून काकी आल्या, पदराला हात पुसत. अधूनमधून एखाद्या पहिल्या रविवारी त्यांना चहाचंच काम निघायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यांनी भाकर घेतली आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काकांनी ट्रे पुढं केला नाही. ते अगदी हळू म्हणाले, "तू? अगं, आज तुझं..."

"हो, माझी पाळी चालू आहे," काकी म्हणाल्या, मीठ संपलंय म्हणावं तशा नेहमीच्या आवाजात, आणि हॉल शांत असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "द्या."

काकांनी ट्रे पुढं केला. काकींनी पेला उचलला, आणि जागेवर न जाता तिथंच, त्यांच्यासमोर उभं राहून प्याल्या.